शेजारच्या सीटवरचा ब्रेक

३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मागितले नसलेस तरी घे.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून महत्त्वाचं असेल ते लिहायचं असं आपलं ठरलंय. हे महत्त्वाचं आहे की नाही तेच मला कळत नाही, म्हणून लिहितेय.

गाडीच्या कंपनीचं पत्र आलंय, बाबांच्या नावानं. 'ब्रेक प्रणालीतील संभाव्य दोषाबाबत सुरक्षा सूचना' असं वर ठळक छापलंय. पहिलं पान वाचलं. 'आपले वाहन नजीकच्या अधिकृत केंद्रात आणावे' वगैरे. दुसऱ्या पानावर मुंग्यांएवढा टाइप, तो सोडून दिला. मला तर ही गिऱ्हाईक गळाला लावायची युक्ती वाटते. एकदा गाडी आत गेली की हे बदला, ते बदला सुरू होतं. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं तेव्हापासून ही एकच गाडी राहिलीय आणि तिची कुणालाही इतकी काळजी वाटल्याचं मला आठवत नाही.

बाबा आहेत तसेच आहेत. सकाळी मला 'बाई' म्हणतात, दुपारी काहीच म्हणत नाहीत. अंघोळीच्या वेळी माझ्या नाकी नऊ येतात. मग हात धुऊन मी मागच्या खोलीत कवळ्या करायला बसते. एका डॉक्टरांनी एकाच आजींची कवळी दोनदा परत पाठवलीय, आजींना हसताना ती 'परकी' वाटते म्हणे. मी तरी काय करणार, दात त्यांचे नाहीतच.

दिवसातला एकच तास बरा जातो. संध्याकाळी तयार कवळ्यांचा ट्रे मागच्या सीटवर ठेवते आणि बाबांना शेजारी बसवते, त्यांच्या नेहमीच्या, शिकवणाऱ्या सरांच्या सीटवर. त्यांचा पाय आपसूक तिथल्या ब्रेकवर जातो आणि माणूस ताठ होतो. "आरसा बघ. क्लच पूर्ण दाब. घाई कसली आहे?" मी कोण आहे ते त्यांना तेव्हाही कळत नसतं. नवी विद्यार्थिनी वाटते मी. पण त्या तासात ते बाबा असतात. दवाखाने फिरून आम्ही परत येतो आणि त्या रात्री ते शांत झोपतात.

तर त्या पत्राचं काय करू? गाडी व्यवस्थित थांबते. आणि आपल्या गाडीला दोन ब्रेक आहेत, हे कंपनीला कुठे माहीत आहे.

तुझी ताई


१० मार्च

प्रिय ताई,
नमस्कार.

पत्र फेकू नकोस. ही जाहिरात नाही. याला रिकॉल म्हणतात. नाव ऐकून वाटतं गाडी काढून घेतील, तसं नसतं. गाडी बनवताना एखादा भाग चुकीचा झाला हे कंपनीला नंतर कळलं की ती त्या गाड्यांच्या मालकांना बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. गाडी जुनी असली, वॉरंटी संपलेली असली तरी. पैसे मागितले तर ते रिकॉलचं काम नाही असं समजायचं.

आणखी एक. त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांत दोष असतो असं नाही. चासी नंबरावरून कळतं. मला तो पाठव, मी कंपनीच्या साइटवर घालून बघतो. तोपर्यंत एवढं बघ: पेडल नेहमीपेक्षा मऊ लागतं का, खोल जातं का, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो का.

इथे पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर सध्या माणसं कमी आहेत, त्यामुळे माझी सलग दुसरी रात्रपाळी आहे. रजेचं विचारलं, साहेब बघतो म्हणाले. म्हणजे नाही.

तू हसशील. ज्याला बाबा तीन उन्हाळे गाडी शिकवत होते आणि ज्याला शेवटी आलीच नाही, तो तुला ब्रेक शिकवतोय. पण त्यांच्या सरांच्या सीटपेक्षा मी पत्रातून बरा आहे, मी निदान मध्येच ब्रेक मारत नाही.

धाकटा


१९ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं माहितीपत्रक मिळालं. सही केलीस म्हणून पत्र म्हणते.

ब्रेकचं काम करून घेतलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवलं, बाबांच्या वेळचाच माणूस. त्यानं चारही चाकं काढली, पॅड झिजलेत म्हणाला, नवे घातले. चालवून दाखवली, झटकन थांबते. अधिकृत केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथे एक पूर्ण दिवस मोडला असता आणि बाबांना एकटं कुणाकडे ठेवू? चासी नंबर खाली लिहिलाय, पण आता त्याची गरज नाही.

आजींची कवळी तिसऱ्यांदा आली. या वेळी मी पुढचा एक दात किंचित वाकडा बसवला. आजी खूश. त्यांचा स्वतःचा तसाच वाकडा होता म्हणे. हे पहिल्यांदाच कुणी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. लोक महत्त्वाचं तेवढंच सांगायचं विसरतात.

बाबांनी परवा जेवताना माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं रोजच असते.

ताई


२६ मार्च

प्रिय ताई,

काम झालं हे वाचून हायसं वाटलं. खरं सांगू, वाटलं म्हणजे वाटवून घेतलं. डोक्यावरचं एक ओझं गेलं म्हणून तो विषय मिटवला आणि झोपलो. चासी नंबर आज सकाळी सहज घातला.

साइटवर लिहून आलं, 'रिकॉल काम बाकी.'

ताई, पॅड चाकापाशी असतात. गॅरेजवाल्यानं ते बदलले ते चांगलंच केलं, त्याची काही चूक नाही. पण कंपनी म्हणतेय तो दोष तिथे नाहीच. तो वर बॉनेटखाली आहे, मास्टर सिलिंडरमध्ये. तू पेडल दाबलंस की तिथलं ऑइल दाबलं जातं आणि तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. आत एक रबरी सील असतं. आपली गाडी बनली त्या काळातल्या काही गाड्यांत ते खराब निघालंय. आमच्या पंपाचं वॉशर गेलं की मोटर फिरत राहते आणि पाणी काही चढत नाही, तसंच. आणि ते हळूहळू जात नाही. आज ठीक असतं, उद्या नसतं. म्हणून 'गाडी थांबते' या म्हणण्याला अर्थ नाही.

अधिकृत केंद्रातच जा. तिथे काम झालं की कंपनीकडे नोंद होते आणि साइटवरचं 'बाकी' जातं. ते गेल्याशिवाय झालं म्हणू नकोस.

एक सुचवू? रागावू नकोस. ही गाडीच काढून टाकली तर? टॅक्सी करत जा. बाबांना काय, कुठल्याही गाडीत फिरवलं तरी चालेल.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

कुठल्याही गाडीत फिरवलं तरी चालेल, हे तू कशावरून लिहिलंस? आई गेल्यावर तू जो गेलास तो तीनदा आलास, तेही पाहुण्यासारखा. टॅक्सीत नेऊन पाहिलंय मी त्यांना. पाय खालच्या मॅटवर फिरत राहिला. ब्रेक कुठे आहे, ब्रेक कुठे आहे. शेवटी टॅक्सीवाल्याच्या पायावर झेप घेतली. तो चांगला माणूस होता म्हणून आम्ही घरी पोचलो.

केंद्रात जाऊन आले. बाबांना बरोबर घेऊन. दिवसभर त्या गार काचेच्या खोलीत त्यांना बसवलं आणि ते येणाऱ्या प्रत्येकाला लायसन्सचे कागद आणलेत का विचारत होते. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिनं नंबर घातला आणि चेहरा बदलला. म्हणाली, "रिकॉल बाकी आहे, पण पार्ट स्टॉकमध्ये नाही. आला की आम्ही कळवू. तोपर्यंत चालवू नका, मॅडम. गाडी आम्ही टो करून घरी पोचवू." मग तिचा मेकॅनिक आत डोकावला आणि म्हणाला, "हे शेजारचं पेडल बाहेरून बसवलेलं आहे. काम करायच्या आधी ते काढावं लागेल. कंपनी असल्या फिटिंगवर काम करत नाही, आणि काढलं तर परत लावून देत नाही."

मी ऐकून घेतलं. बाबा शेजारीच होते. त्यांना कळलं नाही, निदान मी तरी तसं समजते.

आता तू शहाणा माणूस आहेस, तर सांग. त्यांचा ब्रेक काढला तर ते बसतील कशाला त्या सीटवर? तो तास गेला तर मग उरतं काय? अंघोळ, औषध आणि 'बाई'. मला लिहिताना लाज वाटतेय, पण तो तास माझाही आहे. त्या तासात मला कुणीतरी सांगतं की आरसा बघ, घाई कसली आहे.

म्हणून मी ठरवलंय. लांब जाणार नाही, जोरात जाणार नाही, दवाखान्यांची फेरी तेवढी. आणि माझा ब्रेक गेलाच तर त्यांचा आहे. घाबरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते हेच सांगायचे, आठवतंय ना? "गाडीला दोन ब्रेक आहेत. तुझा नाही लागला तर माझा लागतो."

कृपा करून फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

ताई


१४ एप्रिल

ताई,

फोन केले, उचलले नाहीस. निरोपही ठेवला, ऐकला नसशील. म्हणून हे कुरियरने पाठवतोय. पुढचं पत्र हवी तेवढी शिवीगाळ करून लिही, पण आधी हे वाच.

दोन ब्रेक नाहीत. ब्रेक एकच आहे, पाय दोन आहेत.

ते पेडल बसवलं त्या दिवशी मी गाडीत उताणा पडून डोकं डॅशबोर्डखाली घालून टॉर्च धरला होता. बाबांना तेवढ्यापुरताच माझा उपयोग होता. त्यांच्या पेडलपासून एक लोखंडी दांडा निघतो आणि आडवा जाऊन तुझ्या पेडलला मिळतो. बस. त्यांनी दाबलं की तुझं खाली जातं, तू दाबलंस की त्यांचं जातं. दोन्ही शेवटी त्याच सिलिंडरवर येतात. एका टाकीला दोन नळ बसवले म्हणून टाक्या दोन होत नाहीत. सील गेलं तर दोघांचेही पाय एकदमच तळाला जातील.

ते विद्यार्थ्यांना जे सांगायचे ते खोटं नव्हतं. विद्यार्थी घाबरून पाय उचलतो, सरांचा पाय तयार असतो. पण ते पायाबद्दल होतं, ब्रेकबद्दल नव्हतं. आपण लहानपणापासून ऐकलं आणि तसंच धरून चाललो. मीसुद्धा, तुझं पत्र वाचेपर्यंत.

हँडब्रेक मात्र वेगळा आहे, तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही. एवढं लक्षात ठेव. आणि गाडी बाहेर काढू नकोस.

पाहुण्यासारखा, ते तू बरोबर लिहिलंस. त्यावर नंतर लिहीन.

धाकटा


२१ एप्रिल

चि. धाकट्यास,

तुझं कुरियर मिळालं. एक दिवस उशिरा. आधी मिळालं असतं तर मी थांबले असते का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आम्ही दोघं ठीक आहोत. दुसरं कुणी लागलं नाही. हे आधी सांगितलं, आता बाकीचं.

शेवटच्या दवाखान्याकडे जाताना तो उतार आहे, खाली चौक. मी नेहमीसारखा ब्रेक लावला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं तळाला गेलं. पुन्हा दाबलं, तेच. शेजारी बघितलं तर बाबांचा पायही तळाला टेकलेला, दोन्ही हात सीटला घट्ट. गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, गाडी फुटपाथवर चढवली. एका दुकानाच्या बंद शटरला दिवा फुटेपर्यंत घासत गेलो आणि थांबलो. ट्रे उलटला होता. मागच्या सीटवर सगळीकडे दात. लोक जमले, एकानं आत बघितलं आणि तो किंचाळला. नंतर आठवून मला हसू आलं, मग रडू.

पण ते नाही सांगायचं मला. बाबा उतरेनात. आपल्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "मी दाबला होता." मी म्हटलं, हो बाबा. "मी वेळेवर दाबला होता. लागला नाही. माझा पाय गेला."

आज तू लिहिलेला दांडा डोळ्यासमोर आला आणि मला सगळं कळलं. गेले कित्येक महिने ते शांत बसायचे ते का. मी ब्रेक लावला की त्यांच्या पायाखाली पेडल खाली जायचं आणि त्यांना वाटायचं, गाडी आपणच थांबवली. रोज संध्याकाळी, प्रत्येक सिग्नलला. आणि त्या दिवशी ती थांबली नाही.

तेव्हापासून ते खुर्चीत बसून असतात. चालत नाहीत. पाय गेला म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, पायाला काही झालेलं नाही. मी सांगितलं, बाबा, गाडीचा ब्रेक बिघडला होता. तर माझ्याकडे दया आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "तुझा नाही लागला तर माझा लागतो ना." इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्या विद्यार्थ्यानं कुणाला धक्का लावला नव्हता. सगळं विसरले आणि नेमकं एवढं लक्षात ठेवलंय. उतारावरचं ते.

मला वाटलं होतं, मी त्यांचा तास वाचवतेय.

केंद्रवाल्यांनी गाडी टो करून नेली. पार्ट अजून आलेला नाही. आता कुणाला घाई आहे.

ताई


२७ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं.

चूक कुणाची ते आपण नंतर वाटून घेऊ. तू चालवलीस, मी 'झालं' वाचून झोपलो. माझ्या वाट्याला कमी येणार नाही.

तू त्यांना तोंडी सांगितलंस, म्हणून त्यांना पटलं नाही. आठव, बाबा कुणाचं ऐकायचे? आईचं नाही, आपलं नाही, पोलिसाचंही नाही. नियमांच्या पुस्तकात छापलेलं असेल तेवढंच खरं. विद्यार्थी वाद घालायला लागला की पान उघडून त्याच्यासमोर ठेवायचे.

कंपनीच्या त्या पत्राचं दुसरं पान तू वाचलं नाहीस. मी साइटवर वाचलं. तिसरा परिच्छेद. तो त्यांच्यासमोर ठेव. वाचून दाखवू नकोस, आधी त्यांनाच वाचू दे, चष्मा लावून.

आता उरलेलं. मी येत नाही ते रजेमुळे नाही. रजा मागच्या वर्षीच मिळाली असती. ते मला 'कोण तुम्ही' म्हणतील याची भीती वाटते. तुला रोज म्हणतात आणि तू रोज अंघोळ घालतेस. मला एकदा ऐकायला लागेल म्हणून मी तिकीटच काढत नाही. हे लिहून टाकलं, बरं वाटलं नाही. पण अर्ज दिलाय. पुढच्या महिन्यात येतोय, महिनाभर.

धाकटा


२० मे

चि. धाकट्यास,

त्या पत्राची काय दशा झाली होती, सांगते. मी त्याच्यावर कवळीच्या साच्याचं प्लास्टर कालवलं होतं. टेबल खराब होऊ नये म्हणून खाली घातलेले कागद असतात ना, त्यांत गेलं होतं ते. पांढरे डाग खरवडून काढले. बाबांचा चष्मा पुसला आणि दुसरं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

सुरुवातीला नुसते बघत राहिले. मग वर छापलेल्या चासी नंबरावर बोट ठेवलं आणि न बघता पुढचे आकडे म्हणायला लागले. सगळे बरोबर. धाकट्या, माझं नाव त्यांना येत नाही, चासी नंबर येतो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी इतकी दमलेय की मला आनंदच झाला. "आपलीच गाडी," म्हणाले. मग एकेक शब्दावर बोट फिरवत तिसरा परिच्छेद मोठ्यानं वाचला: "सदर दोष उत्पादनातील असून त्यास वाहनचालक अथवा वाहनाचा वापर कारणीभूत नाही."

चष्मा काढून कागदावर ठेवला. मग पाय थोडा उचलला, घोटा फिरवून बघितला.

"मग कुणी आधी कळवलं का नाही?"

"कळवलं होतं. मी नीट वाचलं नाही."

"सूचना आली की पूर्ण वाचायची," असं म्हणाले, अगदी सरांच्या आवाजात. रागावले नाहीत. तसंच उठले आणि खिडकीपर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी विसरले. पुन्हा खुर्ची, पुन्हा पाय गेला. मी पुन्हा पान ठेवलं. आता रोज संध्याकाळी, फेरीच्या वेळी, तोच कार्यक्रम असतो. चष्मा, नंबर, तिसरा परिच्छेद, घोटा. मग चालतात. कागद घडीवर फाटत आलाय, कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रती काढून ठेवल्यात. ज्या पत्राकडे मी कानाडोळा केला तेच आता औषधासारखं रोज द्यायचं, ही शिक्षा कुणी शोधून काढली असेल तर त्याला मी मानते.

पार्ट मागच्या आठवड्यात आला. काम झालं, पैसे लागले नाहीत. दिव्याचे तेवढे लागले. शेजारचं पेडल आणि दांडा त्यांनी पिशवीत घालून दिला. मी तो मागच्या खोलीत फळीवर ठेवलाय, कवळ्यांच्या साच्यांशेजारी. साइटवर नंबर घालून बघितला, 'बाकी' गेलंय. तूही बघ. तुझा माझ्यावर विश्वास नसावा हेच बरं.

तू येशील तेव्हा ओळखतील असं वचन देत नाही. "नवीन विद्यार्थी का?" असं विचारतील. हो म्हण. तुझं शिकायचं राहिलंच आहे.

काल त्यांना पहिल्यांदा बाहेर नेलं. मला झोप नव्हती आदल्या रात्री. सीटवर बसले, पट्टा लावला आणि पाय पुढे गेला. मॅटवर इकडे तिकडे फिरला. मी इंजिन सुरूच केलं नाही. म्हटलं, आता टॅक्सीसारखं होणार.

"ब्रेक कुठे गेला?"

"कंपनीनं काढला, बाबा. दोषाचं काम होतं ना."

मी पर्समधून प्रत काढायला लागले, पण त्यांनी हात हलवून नको म्हटलं. थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत बसले. मग पाय मागे घेतला, दोन्ही पाय जुळवून ठेवले, पाहुणे बसतात तसे, आणि हात मांडीवर.

"मग आता तूच लाव," म्हणाले.

मी त्यांच्याकडे गाडी शिकले, परीक्षा पास झाले, त्यानंतरही कायम त्यांना शेजारी घेऊन चालवली. एकदाही त्यांनी पाय मागे घेतलेला नव्हता.

उताराच्या रस्त्यानं गेले नाही, एवढं धैर्य अजून नाही. शाळेच्या बाजूनं गेले. चौकात लाल दिवा लागला. मी ब्रेक लावला. त्यांचे पाय जागचे हलले नाहीत. गाडी थांबली.

ताई